दिवसभर उभ्या दुचाकीची राखण

देवळाली प्रवरा – राहुरी तालुक्यातील या नगरपालिकेच्या गावात नोकरदाराचा दिवस दुचाकीवरच सुरू होतो. कोणी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात जातो, कोणी श्रीरामपूरच्या दुकानात वा दवाखान्यात, तर कोणी नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीपर्यंत मोटारसायकल नेऊन ती तेथेच लावतो आणि पुढे एस.टी.ने जिल्ह्याचे ठिकाण गाठतो. मालक सात-आठ तास कामात गुंतलेला असतो आणि त्याची दुचाकी तेवढाच वेळ एका जागी, बहुधा कोणाच्याही नजरेत नसलेली, उभी असते.

याच जिल्ह्यात घरांना दारे नसलेले शनिशिंगणापूर आहे. २०११ साली युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. २०१५ मध्ये मात्र त्या गावातही पोलीस ठाणे सुरू झाले. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला, तर रस्त्यावर उभ्या केलेल्या दुचाकीला कुलूप, जागा आणि कागद यांचाच आधार असतो. बहुतेक वाहनधारक यांपैकी पहिल्याकडे अर्धवट लक्ष देतात आणि तिसऱ्याकडे दुचाकी गेल्यावरच वळतात.

नियमितपणा हीच उणीव

लग्नाला किंवा बाजाराला नेलेली दुचाकी कोठे उभी राहील आणि मालक केव्हा परतेल, हे चोराला ठाऊक नसते. नोकरदाराच्या दुचाकीचे तसे नाही. ती रोज साडेनऊला त्याच झाडाखाली लागते आणि सायंकाळी साडेसहापर्यंत हलत नाही, हे दोन-चार दिवसांच्या निरीक्षणात कळते. चोरी सकाळी अकराला झाली तरी मालकाला ती सात तासांनी समजते. तेवढ्या वेळात मोटारसायकल नाशिक, पुणे किंवा बीड जिल्ह्याच्या हद्दीत सहज पोहोचते.

चोरलेल्या दुचाकीला साधारणपणे तीन वाटा असतात. तिचे भाग सुटे करून विकले जातात. क्रमांकाची पाटी बदलून ती दूरच्या खेड्यात ‘कागद नंतर देतो’ असे सांगून स्वस्तात खपवली जाते. किंवा सोनसाखळी हिसकावण्यासारख्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी वापरून ती टाकून दिली जाते. खपाची मॉडेल चोरांना सोयीची पडतात, कारण त्यांच्या सुट्या भागांना कायम गिऱ्हाईक असते. ‘माझी गाडी जुनी आहे, ती कोण नेणार?’ हा समज म्हणूनच फसवा ठरतो. तिसरी वाट मालकाच्या दृष्टीने सर्वांत त्रासाची असते. तक्रार वेळेवर दिलेली नसेल, तर गुन्ह्याच्या तपासात पहिला प्रश्न नोंदणीकृत मालकालाच विचारला जातो.

हँडल लॉक पुरेसे का नाही?

कंपनीकडून मिळणारे हँडल लॉक म्हणजे एक छोटा पोलादी खिळा. चावी फिरवली की तो सांगाड्याच्या खाचेत बसतो आणि हँडल एका बाजूला अडकून राहते. खिळा लहान आणि हँडलची तरफ लांब, त्यामुळे पुरेसा जोर लावल्यास हे कुलूप फार काळ तग धरत नाही. दुसरा दोष वयाचा आहे. आठ-दहा वर्षे वापरलेल्या कुलुपातील पत्र्या झिजतात आणि मग जवळपासच्या मापाची दुसरी चावीही त्यात फिरू लागते. आपली चावी किल्ली अर्धवट बाहेर असतानाही फिरत असेल किंवा इंजिन सुरू असताना ती उपसून काढता येत असेल, तर तो संपूर्ण लॉक-सेट बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

याचा अर्थ हँडल लॉक लावू नये असा नाही. ते लावलेच पाहिजे; टपरीवर दोन मिनिटे थांबतानाही लावले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालक जागेवर नसताना इंजिन बंद करून वाहन आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करणे बंधनकारकच आहे. मात्र दिवसभरासाठी त्याच्या जोडीला दुसरे, बाहेरून दिसणारे कुलूप हवे. कोणतेही कुलूप अभेद्य नसते. ते चोराची मिनिटे वाढवते आणि आवाज करायला भाग पाडते. उघड्यावर काम करणाऱ्या चोराला हीच दोन गोष्टींची धास्ती असते.

कोणते कुलूप, कोठे लावावे?

डिस्क ब्रेक असलेल्या दुचाकीसाठी डिस्क लॉक सोपे आणि खिशात मावणारे आहे. ते पुढच्या चाकाच्या डिस्कच्या छिद्रात, शक्यतो ब्रेकच्या कॅलिपरजवळ बसवावे. धक्का लागताच कर्कश आवाज करणारी डिस्क लॉकही मिळतात. त्याचा एकच धोका म्हणजे विसरभोळेपणा. कुलूप न काढता दुचाकी पुढे नेली, की डिस्क वाकते, कॅलिपर बिघडतो आणि चालकही पडतो. म्हणून डिस्क लॉकपासून हँडलपर्यंत रंगीत दोरी अडकवण्याची पद्धत आहे, ती पाळावी. डिस्क लॉकची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ते चाक फिरू देत नाही, परंतु दोघा-तिघांनी उचलून टेम्पोत टाकलेली दुचाकी ते थांबवू शकत नाही.

त्यासाठी साखळी लागते. ड्रम ब्रेकच्या साध्या मोटारसायकलींनाही हाच उपाय आहे. साखळी घेताना तिच्या जाडीबरोबर पोलाद कठीण केलेले आहे की नाही, हे पाहावे. चौकोनी कड्यांची साखळी कापणे गोल कड्यांपेक्षा अवघड जाते. प्लॅस्टिकच्या वेष्टनातील बारीक तारेचे कुलूप हेल्मेट अडकवायला ठीक, दुचाकीला नाही. साखळी केवळ चाकातून घेतल्यास चाक सोडून उरलेली दुचाकी नेता येते, म्हणून ती सांगाड्यातून घ्यावी आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी खांबाला किंवा कठड्याला बांधावी. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नये, कारण फरशीचा ऐरण म्हणून उपयोग करून ती हातोड्याने तोडणे सोपे होते. जवळ खांब नसेल, तर एकाच कार्यालयातील दोघांनी आपल्या दुचाकी शेजारी लावून एकाच साखळीत बांधाव्यात. हा बिनखर्चाचा उपाय आहे. फक्त दोघांची सुटण्याची वेळ एक असावी.

लपविलेले बटण, ट्रॅकर आणि त्यांच्या मर्यादा

जुन्या मोटारसायकलींना पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद केल्यास दुचाकी सुरू होते, पण कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर थोडे अंतर जाऊन बंद पडते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकी फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आणि हा कॉक दिसेनासा झाला. त्यांच्यासाठी विश्वासू मेकॅनिककडून इग्निशनच्या वायरिंगमध्ये लपविलेले बटण बसवून घेता येते. मात्र दुचाकीची वॉरंटी सुरू असेल, तर वायरिंगला हात लावण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात विचारून घ्यावे. नाहीतर चोरी टळेल, पण दुरुस्तीचा खर्च अंगावर येईल.

जीपीएस ट्रॅकर चोरी रोखत नाही. गेलेली दुचाकी कोठे आहे ते सांगतो. नोकरदारासाठी त्याचा खरा लाभ सूचनेत आहे. उभी दुचाकी हलताच मोबाइलवर संदेश आला, तर सात तासांचा उशीर सात मिनिटांवर येतो. यंत्र सीटखाली सहज सापडेल असे बसवू नये, त्यातील सिमचे रिचार्ज संपू देऊ नये आणि बॅटरीवर त्याचा थोडाफार भार पडतो हेही ध्यानात ठेवावे. ब्लूटूथवर चालणारे छोटे टॅग स्वस्त पडतात, पण ते आसपासच्या मोबाइल फोनच्या आधाराने आपला ठावठिकाणा कळवतात. शहरातील गर्दीत ते उपयोगी पडतात. उसाच्या फडात किंवा आडबाजूच्या शेडमध्ये त्यांची खबर तासन्‌तास मिळत नाही. ट्रॅकरवर दुचाकी दिसली तरी मालकाने एकट्याने तेथे जाऊ नये. ते ठिकाण पोलिसांना दाखवावे.

जागा निवडताना

कुलूप किती टिकेल हे जागा ठरवते. गजबजलेली जागा नेहमीच सुरक्षित असते असे नाही. बसथांब्यावरच्या गर्दीत दुचाकीशी खटपट करणारा माणूस तिचा मालकच असावा, असे प्रत्येकाला वाटते. ज्या जागेवर एकाच व्यक्तीची दिवसभर नजर असते ती जागा अधिक चांगली; उदाहरणार्थ, ओळखीचे किराणा दुकान, पिठाची गिरणी, गॅरेज किंवा पहारेकरी बसतो ते प्रवेशद्वार. दुकानदाराला आपली दुचाकी आणि आपला चेहरा ठाऊक असला, की अनोळखी हात हँडलवर पडताच तो हटकतो.

श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकावर – ज्याचे नाव आजही बेलापूर आहे – किंवा मोठ्या बसस्थानकावर पैसे देऊन दुचाकी ठेवायची असेल, तर पावती घ्यावी, त्यावर वाहन क्रमांक व तारीख आहे का ते पाहावे आणि ती दुचाकीतच न ठेवता खिशात ठेवावी. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ असा फलक लावला म्हणजे चालकाची सुटका झाली, असे प्रत्येक वेळी होत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका हॉटेलच्या प्रकरणात असे म्हटले, की गाडी व चावी ताब्यात घेतल्यानंतर निष्काळजीपणा झाला असेल, तर अशा सूचनेच्या आड हॉटेलला दडता येत नाही. तेथे चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती, हे महत्त्वाचे. चावी आपल्याच खिशात ठेवून केवळ जागेचे भाडे दिले असेल, तर ताबा कोणाकडे होता यावर वाद होऊ शकतो. म्हणून पावतीचे महत्त्व अधिक.

कार्यालये व कारखान्यांनाही येथे बरेच काही करता येते. कर्मचाऱ्यांच्या दुचाकींना स्टिकर देणे, बाहेर पडताना क्रमांक आणि ओळखपत्र पडताळणे, वाहनतळात साखळी बांधण्यासाठी एक आडवा लोखंडी नळ रोवणे आणि कॅमेऱ्याचे तोंड प्रवेशद्वाराकडे वळविणे, या कामांना मोठा खर्च येत नाही.

क्रमांकाची पाटी आणि चासी

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवूनच दिली जाते. त्यापूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक करण्यात आली आहे. दुचाकीसाठी तिचा दर जीएसटी वगळून ४५० रुपये ठरला. या पाटीवर अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम आणि लेसरने कोरलेला कायम ओळख क्रमांक असतो. ती एकदाच बसणाऱ्या खटक्यांनी जोडलेली असते. काढली तर खटके तुटतात. त्यामुळे एका दुचाकीची पाटी दुसरीला लावणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. ज्यांनी अजून पाटी बदललेली नाही, त्यांनी दंडाच्या भीतीपेक्षा या कारणासाठी ती बदलावी.

दुचाकीची पक्की ओळख मात्र चासी आणि इंजिन क्रमांक हीच असते. चासी क्रमांक बहुतेक मोटारसायकलींवर हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. चोर तो घासून टाकतात. तरीही न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनांच्या साहाय्याने घासलेले आकडे अनेकदा पुन्हा वाचता येतात. प्रत्येकाने हे दोन्ही क्रमांक, दुचाकीची चारही बाजूंची छायाचित्रे आणि एखादी खास खूण, जसे टाकीवरचा पोचा किंवा बदललेला आरसा, मोबाइलमध्ये आणि घरच्या वहीत नोंदवून ठेवावी. मूळ कागद दुचाकीच्या डिकीत ठेवू नयेत. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील नोंदणीपत्र व परवाना कायद्याने ग्राह्य आहेत. मूळ कागद चोराच्या हाती लागले, तर दुचाकी विकणे त्याला अधिक सोपे जाते.

‘पाच वर्षांचा विमा आहे’ हा गैरसमज

सर्वांत मोठे नुकसान येथे होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो, पण तो ‘थर्ड पार्टी’ म्हणजे त्रयस्थ पक्षाच्या नुकसानीचा. स्वतःच्या दुचाकीचे नुकसान आणि चोरी यांसाठीचा भाग अनेक पॉलिसींत फक्त पहिल्या वर्षापुरता असतो. दुसऱ्या वर्षी तो संपतो. मालक मात्र पाच वर्षांच्या कागदाकडे पाहून निश्चिंत राहतो. चोरी झाल्यावर त्याला कळते, की एक रुपयाही मिळणार नाही. कर्जाचे हप्ते चालूच राहतात आणि कामावर जायला वाहन उरत नाही.

सप्टेंबर २०१९ पासून केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा स्वतंत्रपणेही घेता येतो. आपल्या पॉलिसीवर ‘ओन डॅमेज’ या शब्दांपुढे कोणती तारीख आहे, ते आजच पाहावे. भरपाईची मर्यादा विमा उतरविताना ठरलेल्या घोषित मूल्याएवढी असते. प्रचलित कोष्टकानुसार दुचाकीच्या किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. म्हणजे ज्या मॉडेलची किंमत ८० हजार रुपये आहे, त्याच्या अडीच वर्षे जुन्या दुचाकीचे मूल्य ५६ हजार होते. पाच वर्षांनंतरचे मूल्य कंपनी आणि ग्राहक आपसांत ठरवतात. हप्ता वाचविण्यासाठी ते फार खाली आणणे शहाणपणाचे नाही.

जुनी दुचाकी विकत घेणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. नोंदणी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर तत्काळ करून घ्यावेत. गावोगाव अनेक दुचाकी वर्षानुवर्षे पहिल्या मालकाच्याच नावावर फिरतात. अशी दुचाकी चोरीला गेली, तर भरपाईचा दावा करणाऱ्याच्या हाती कागद नसतो आणि ज्याच्या हाती कागद असतो त्याची दुचाकी नसते. खरेदीपूर्वी एमपरिवहनवर क्रमांक टाकून चासी क्रमांक जुळतो का ते पाहावे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे वाटायला सबळ कारण असताना, तो विकत घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

दुचाकी जागेवर नसेल तर

प्रथम घरच्या माणसाने ती नेली आहे का आणि वाहतूक पोलिसांनी उचलली आहे का, याची खात्री करावी. तसे नसेल तर ११२ क्रमांकावर कळवून पोलीस ठाणे गाठावे. देवळाली प्रवरा राहुरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. चोरी श्रीरामपुरात किंवा नगरमध्ये झाली असली, तरी कोणतेही ठाणे हद्दीचे कारण सांगून माहिती नोंदविणे नाकारू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने तक्रार पाठविल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्यामुळे कोठे कॅमेरे आहेत ते पोलिसांना त्याच दिवशी दाखवावे. त्याच दिवशी विमा कंपनीला, कर्ज असल्यास वित्त कंपनीला आणि परिवहन कार्यालयालाही लेखी कळवावे. पोलिसांत तत्काळ तक्रार दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळविले या कारणाने दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. तरी वाद ओढवून घेण्यापेक्षा वेळेवर कळविणे बरे.

विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. एक चावी हरवली असेल, तर ती हरवली तेव्हाच त्याची नोंद करून ठेवावी. चोरीनंतर दिलेले स्पष्टीकरण संशयाने पाहिले जाते. चावी वाहनालाच राहिली असेल तर कंपनी निष्काळजीपणावर बोट ठेवते. मालमोटारीत चावी राहिल्याच्या एका प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाव्याच्या ७५ टक्के रक्कम देण्यास सांगितले. पण तेथपर्यंत पोहोचायला त्या मालकाला किती पायऱ्या चढाव्या लागल्या, याचा विचार करावा. तपास लागला नाही, तर पोलीस न्यायालयात ‘अ समरी’ अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात. हा अहवाल मंजूर झाल्यावरच सहसा भरपाई मिळते. त्यामुळे त्याचा पाठपुरावा फिर्यादीनेच करावा.

दुचाकी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी राहते. उन्हापावसात गंजणाऱ्या अशा वाहनांच्या रांगा सर्वांनी पाहिल्या आहेत. वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे घेऊन बंधपत्रावर ती परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ व ५०३ खाली न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर दुचाकी ताब्यात घेता येते. मूळ नोंदणीपत्र आणि ओळखपत्र सोबत असले, की हे काम लवकर होते.

थोडक्यात

रोज : हँडल लॉक आणि त्याशिवाय एक दिसणारे कुलूप, साखळी सांगाड्यातून, जमिनीला न टेकवता, चावी खिशात. आठवड्यातून एकदा तरी जागा बदलावी किंवा निदान दुचाकी कोणाच्या नजरेत आहे ते तपासावे.

वर्षातून एकदा : विम्यातील ‘ओन डॅमेज’ची तारीख, दुसरी चावी जागेवर असल्याची खात्री, झिजलेल्या लॉक-सेटची तपासणी.

कायम जवळ : चासी व इंजिन क्रमांक, छायाचित्रे, पॉलिसी क्रमांक.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. कुलपाला लागतो तो काही शे रुपयांपासून सुरू होतो. ज्या घराची कामावर जाण्याची वाट एकाच दुचाकीवर अवलंबून आहे, त्या घराला एवढी काळजी जड जाऊ नये.